थेमिसच्या चाळिसाव्याचे ऑलिव्ह

११ जानेवारी, शुक्रवार

थेमिसला आज पुरलं. वारा इतका होता की पाद्रीबाबांची दाढी सारखी त्यांच्याच तोंडात जात होती. मी रडले नाही म्हणून उरानियावन्सं माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी मात्र भावासाठी असा गळा काढला, की शेजारच्या मयताची माणसं आपलं रडणं थांबवून वळली.

नंतर कॉफी घेताना, ब्रँडीचा दुसरा पेला रिचवून त्या म्हणाल्या, "वहिनी, चाळिसाव्या दिवसाचं जेवण कुठं देणार?"

"अजून माती ओली आहे, वन्सं."

"माती वाळेपर्यंत चांगल्या जागा जातात. आणि ऑलिव्ह डब्यातले नकोत हं. मानी भागातल्या माणसाच्या नावानं ठेवलेल्या ताटात डब्यातले ऑलिव्ह म्हणजे आपणच आपलं नाक कापून घेणं."

जसं काही मला माहीत नाही! थेमिसनं स्वतःच हॉस्पिटलात सांगून ठेवलं होतं. मास्क बाजूला करून त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, इतक्या वर्षांत नाही ते आता काहीतरी गोड बोलेल. तर म्हणाला, "चाळिसाव्याला फोडलेले ऑलिव्ह ठेव. आपल्या घरचे असायचे तसे. नारिंगाच्या सालीचे."

"कुठून आणू? यंदा माशीनं पीक खाल्लं, असं तूच सांगितलंस."

"इथं शहरात एका खानावळीत मिळतात."

"कुठल्या?"

"नाव सांगितलं तर तू जाणार नाहीस. शोध, कलिरोई. तुझी जीभ ओळखेल." आणि डोळे मिटून हसला. मरताना माणूस बायकोला कामाला लावून जातो, ते असं.

१६ जानेवारी, बुधवार

काळे मोजे, काळा कोट, काळा रुमाल. अशी मी बंदराजवळच्या खानावळीत शिरले, तर वेटर धावत आला. "आजी, चुकलात का? चर्च पलीकडच्या गल्लीत."

"चर्च मला माहीत आहे. ऑलिव्ह आण."

आणले. बुटाच्या पॉलिशसारखे काळे, आणि आत बी नाही. आरपार भोक. मी विचारलं, "यातून दोरा ओवायचा आहे का?" तो म्हणाला, प्रवाशांना असेच आवडतात, बोटीवरून उतरतात आणि हेच मागतात. मी एक चावला. खारट रबर. सगळ्यांसमोर रुमालात थुंकले आणि उठले. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबानं आपली बशी लांब सरकवली, तेव्हा बरं वाटलं.

पुढच्या दोन ठिकाणी तीच तऱ्हा. आमच्या पिरेअसमध्ये लोकांना जीभ उरलेली नाही.

२२ जानेवारी, मंगळवार

सुनेला, म्हणजे दानाईला, मदत करायचा झटका आला. फोनवर शोधून तिनं मला एका नव्या जागी नेलं. दारावर पाटी, 'भूमध्य समुद्राची चव'. समुद्र समोर, हाताच्या अंतरावर, आणि त्याची चव आम्हालाच विकायची!

ऑलिव्ह मागितले तर एका चमच्यात हिरवा फेस आला. मी म्हटलं, "हे काय, कोणी आधी खाऊन पाहिलं का?" वेटर म्हणाला, "मॅडम, हा ऑलिव्हचा अर्क आहे. तोंडात विरघळतो." दानाई खाली मान घालून बसली होती. परतताना बसमध्ये म्हणाली, "आई, बाबांना कसलेही ऑलिव्ह चालले असते हो. त्यांना फक्त सगळे एकत्र बसावेत असं वाटायचं."

"सगळे बसणारच आहेत," मी म्हटलं.

"सगळे?" असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. या मुलीला वाक्य पुरं करायची सवय नाही.

२७ जानेवारी, रविवार

आज बेटावरच्या लोकांची खानावळ पाहिली. मालकाला काळे कपडे बघताच कळलं. "कोण गेलं, मावशी?"

"नवरा. थेमिस्तोक्लीस."

"देव त्यांना क्षमा करो," तो म्हणाला, मागचे दोन म्हातारे म्हणाले, मीही म्हणाले. गेलेल्याचं नाव निघालं की आमच्या तोंडून हे आपोआप निघतं, शिंक आल्यासारखं. मग त्यानं पैसे न घेता वाइन दिली आणि सुरकुतलेले काळे ऑलिव्ह ठेवले. वाईट नव्हते. पण थेमिसनं सांगितले ते हे नव्हेत. फोडलेले म्हणजे हिरवा ऑलिव्ह दगडावर ठेवून वरून एकच घाव. बी फुटता कामा नये. मग पाणी बदलत राहायचं, कडूपणा जाईतो, पण सगळा नाही. मग मीठ, रानबडीशेपेचे देठ, आणि नारिंगाची साल. ती साल माझ्या आईची. गावात दुसरं कोणी घालत नसे.

"मुलं किती, मावशी?"

"एक मुलगा."

खरं म्हणजे दोन झाली. स्मारो धाकटी. तिला मी बंदरावरच्या चांगल्या दुकानदाराच्या घरी दिली. वर्षाच्या आत एका दुपारी डोळ्याखाली निळं घेऊन टॅक्सीनं दारात उभी. मी कॉफी केली, चेहऱ्यावर बर्फ लावला, आणि त्याच टॅक्सीत बसवून परत पाठवली. टॅक्सीवाला थांबला होता बिचारा. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, मी दुसरं काय करणार होते? पण ती नवऱ्याकडे गेलीच नाही. कुठं गेली तेही कळवलं नाही. तिथं माझ्यासाठी तिचा हिशेब मिटला. ही गोष्ट मी बेटावरच्या माणसाला कशाला सांगू?

२ फेब्रुवारी, शनिवार

चाळिसाव्याचं ठरवायला चर्चमध्ये गेले. रविवारी १७ तारखेला प्रार्थना, मग जेवण. हे पाद्री नेक्तारिओस तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. तरुण आहेत, कुणाच्या घरातलं काही माहीत नाही, त्यामुळे बरे आहेत. म्हणाले, "कलिरोईताई, पुढं मृतांचा शनिवारही येतोय. नावं तीच ना दर वर्षीची?"

"तीच. थेमिस्तोक्लीस तेवढं वाढलं."

मृतांच्या शनिवारी आम्ही बायका उकडलेल्या गव्हांत साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून ताट नेतो, आणि आपापल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून देतो. जिवंतांची वेगळी, गेलेल्यांची वेगळी. पाद्री मोठ्यानं वाचतात. माझी गेलेली म्हणजे आई, वडील, सासू, सासरे आणि स्मारग्दा. हो, स्मारो. तिला मी त्यांच्यात घालते. जिवंतांत घालायला ती माझ्या घरात आहे कुठं? उगाच खोटं बोलायचं देवासमोर.

तीन वर्षांपूर्वी थेमिस त्या शनिवारी माझ्याबरोबर आला होता. वाचताना नाव आलं, 'स्मारग्दा', आणि सगळ्या बायका म्हणाल्या, देव क्षमा करो. थेमिस हातातली मेणबत्ती घेऊन तसाच बाहेर गेला. अंगणात उभा होता, विझलेली मेणबत्ती धरून. त्यानंतरच त्याला गुरुवारच्या पत्त्यांचा नाद लागला. दर गुरुवारी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून जायचा. पत्ते खेळायला दाढी कशाला लागते, देव जाणे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आणखी दोन खानावळी. एकीत ऑलिव्ह फोडलेले होते, पण बी फुटलेली. दुसरीत साल घातली होती, लिंबाची! वन्सं फोन करकरून जीव घेतात. "जागा ठरली का? का आम्ही डबा घेऊन येऊ?"

अपोस्तोलिस म्हणाला, "आई, बाबा गुरुवारी जायचे तिथं बघ ना एकदा."

"त्या जुगाराच्या अड्ड्यात?"

"खानावळ आहे ती. कामिन्यात, रेल्वे वर्कशॉपच्या मागं. इसिदोरोसची." जरा थांबून म्हणाला, "जा. पण शांतपणे जा. काही दिसलं तर लगेच बोलू नकोस."

दिसणार काय आहे? पत्ते?

७ फेब्रुवारी, गुरुवार

सापडले.

सहा टेबलांची जागा. इसिदोरोस हा जाडा, मिशा पिकलेला माणूस. मी नाव सांगितलं तशी त्यानं टोपी काढली. "थेमिसभाऊंची बायको तुम्ही. देव क्षमा करो त्यांना. या, त्यांच्याच जागी बसा." कोपऱ्यातलं, स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेलं टेबल. मी काही मागितलं नव्हतं, तरी त्यानं ऑलिव्ह आणून ठेवले.

पहिला तोंडात घातला आणि मला माझ्या आईचं स्वयंपाकघर आठवलं, तो काळा दगड, ती मातीची बरणी. मीठ, मग कडू, मग एकदम शेवटी ती साल. बी अख्खी. डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी आत कांदा चिरत असणार.

"कोण करतं हे?"

इसिदोरोसनं दाराकडे पाहिलं. "आतली बाई करते. तुमच्याच भागातली आहे. ऑलिव्ह मात्र थेमिसभाऊंनीच आणले, ऑक्टोबरात, दोन पोती."

दोन पोती! आणि मला सांगितलं माशीनं खाल्लं. पत्त्यांच्या उधारीत दिले असणार दुसरं काय.

"कोणाबरोबर खेळायचा तो?"

"खेळायचे? नाही बाई... म्हणजे, बसायचे इथं. दोघं. जेवायचे, बोलायचे."

"दोघं कोण?"

इसिदोरोसच्या कपाळावर घाम आला. "बाई, ते मी सांगायचं नाही. तुम्ही म्हणत असाल तर आत हाक मारतो. एकदा हो म्हणा."

मी हो म्हटलं नाही. मला सगळं कळलं. मी मोठ्यानं, आत जाईल अशा आवाजात म्हटलं, "तुमच्या त्या बाईला सांगा, मीठ जरा जास्त आहे." आत काहीतरी पडून फुटलं. वेंधळी दिसते.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

सत्तरीला आलेला माणूस! खानावळीतली स्वयंपाकीण! दाढी, धुतलेला शर्ट, माझ्या सासरच्या झाडांचे ऑलिव्ह, आणि माझ्या आईची रीतही त्यानंच शिकवली असणार तिला, शेजारी बसून. मला शोधत शोधत तिच्याकडे पाठवलं, वर हसला मेला. म्हणजे चाळिसाव्याला मी तिच्या हातचं खावं आणि तिला क्षमा करावी, असा बेत.

अपोस्तोलिसला विचारलं, "तुला माहीत होतं, तुझे बाबा तिथं कोणासाठी जायचे?"

तो लालबुंद झाला. "हो."

"आणि तू तिला भेटलास?"

"पुष्कळदा. दानाईसुद्धा. आई, ती चांगली..."

"एक शब्द बोलू नकोस."

रडायला लागला, एवढा मोठा बाप्या. म्हणाला, "तुला कळलंय आणि तरी तू अशी?" मी म्हटलं, कळलंय म्हणूनच अशी. जेवण तिथंच होणार. सगळ्यांसमोर होणार. इसिदोरोसला तसं कळवून टाकलं, तर म्हातारा फोनवर "देव तुमचं भलं करो, बाई" म्हणून हुंदके देत होता. सगळेच तिच्या बाजूचे.

१८ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायला हात चालला नाही. आज लिहिते, म्हणजे नंतर कोणी काही वेगळं सांगायला नको.

प्रार्थना चांगली झाली. मग आम्ही सगळे इसिदोरोसकडे गेलो. माशाचं सूप, ब्रेड, वाइन, आणि प्रत्येकाच्या समोर बशीभर ऑलिव्ह. वन्संनी एक खाल्ला आणि त्यांचं तोंडच बंद झालं. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, हे तर तुमच्या आईचे." शेजारच्या ख्रिसांथी बोटं चाटत होत्या. माझ्या बाजूची एक खुर्ची रिकामी होती. मी इसिदोरोसला ती उचलायला सांगितली होती, पण त्यानं उचलली नव्हती.

मी पेला घेऊन उभी राहिले. सगळ्यांना वाटलं मी थेमिसबद्दल बोलणार. मी म्हटलं, "स्वयंपाकघरातल्या बाईला बाहेर बोलवा. माझ्या नवऱ्याला तीन वर्षं दर गुरुवारी खाऊ घालणारी ती कोण, ते लोकांना बघू दे. लाज वाटत नसेल तर येईल."

"आई, काय बोलतेस!" अपोस्तोलिस ओरडला.

दार उघडलं. ती ऑलिव्हची मोठी बशी घेऊन आली. केस पांढरे व्हायला लागलेत. हात माझ्या आईसारखे, काळे पडलेले, ऑलिव्ह फोडून. काळे कपडे घातले होते तिनं, बापासाठी. स्मारो.

वन्संच्या हातातला ब्रेड सूपमध्ये पडला. मी उभीच होते, पेला हातात. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही. तेच वाईट होतं. लहानपणी ताप आला की बघायची तसं बघत होती.

पाद्रीबाबांना त्यातलं काही कळलं नाही. ते आपले सज्जनपणे म्हणाले, "ये मुली, तूही दिवंगतांची कोणी लागतेस वाटतं. नाव काय तुझं?"

"स्मारग्दा. मुलगी त्यांची."

"स्मारग्दा?" पाद्रीबाबा हसले. "हे नाव तर मी दर वर्षी मृतांमध्ये वाचतो, कलिरोईताईंच्या घरचं. मला वाटायचं मुलगी होती, लहानपणीच..." आणि मग ते थांबले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. त्यांनी चमचा खाली ठेवला.

स्मारो म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं मला. मला वाटलं, आजारपणात त्यांना भास होतात."

इसिदोरोसनं ती रिकामी खुर्ची मागं ओढली. सगळे माझ्याकडे बघत होते. एक शब्द बोलले असते तर ती बसली असती, हे मला दिसत होतं, मी काही आंधळी नाही. पण इतक्या माणसांसमोर, मीच बोलावलेलं असताना, मी तो शब्द कुठून आणू? तिनं बशी माझ्यासमोर ठेवली.

"खा, आई. चाळिसाव्याचं आहे. खाल्लं की म्हणायचं असतं ना, देव क्षमा करो. बाबांसाठी म्हण. माझ्यासाठीही म्हण हवं तर, तुला सवय आहे."

मी एक ऑलिव्ह खाल्ला. बी काढून बशीत ठेवली. म्हटलं, "अजूनही मीठ जास्त आहे."

ती आत गेली. दार हळूच लावलं, आपटलं नाही. अपोस्तोलिस उठून तिच्या मागं गेला, मग दानाई, मग वन्सं, आपल्या गुडघ्यांना शिव्या घालत. ख्रिसांथींना घरी काम आठवलं. शेवटी मी, पाद्रीबाबा आणि सूप. पाद्रीबाबाही उठताना म्हणाले, "मला तुमच्या बाजूनं काहीतरी सांगा, ताई. काहीही." मी म्हटलं, सूप गार होतंय.

मीठ खरंच जास्त होतं. मी आधीही सांगितलं होतं.

२४ फेब्रुवारी, रविवार

अपोस्तोलिस फोन उचलत नाही. दानाईनं उचलला आणि म्हणाली, "आई, आत्ता नको." या वेळी वाक्य पुरं केलं.

थेमिसचा तो गुरुवारचा शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवला. कशाला, माहीत नाही. काल कामिन्याच्या बसमध्ये बसले होते, दोन थांबे आधी उतरले आणि चालत परत आले. तिकडच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते म्हणून गेले होते.

२ मार्च, मृतांचा शनिवार

ताट केलं. डाळिंब चांगलं मिळालं. नावं दिली तेव्हा स्मारग्दा लिहिलं नाही. गेलेल्यांत नाही, आणि जिवंतांतही नाही. हात तिथं थांबला, पुढं जाईना. पाद्रीबाबांनी माझ्याकडे न बघता चिठ्ठी घेतली आणि ढिगात ठेवली.

चर्च भरलं होतं. गेलेल्यांची नावं वाचणं लांबलं. मी डोळे मिटून ऐकत होते, थेमिस्तोक्लीसची वाट बघत. आला. पण माझ्या चिठ्ठीच्या आधीच, कुणा दुसऱ्याच्या चिठ्ठीत. पुढचं नाव होतं कलिरोई.

पिरेअसमध्ये कलिरोई काही मी एकटीच नाही. आमच्या गल्लीतच आणखी दोन होत्या, एक गेली, एक मुलाकडे जर्मनीला. शिवाय थेमिस्तोक्लीसही किती असतील. मी वळून पाहिलं तेव्हा दाराजवळ मेणबत्त्यांपाशी एक काळा कोट बाहेर जाताना दिसला, पण आज सगळेच काळ्यात होते.

नाव वाचून झाल्यावर सगळ्या बायका नेहमीसारख्या एका सुरात म्हणाल्या, देव तिला क्षमा करो.

मीही म्हणाले.